फीड आठवडाभर बंद ठेवलं की नेमकं काय होतं?

सोशल मीडियाची अ‍ॅप्स फोनवरून काढली, पण ही गोष्ट माझ्या अंगठ्याला कुणी कळवलीच नाही. फोन हातात आला की तो आपला नेहमीच्या जागी जायचा, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, आणि तिथे सरकून आलेला कॅल्क्युलेटर उघडायचा. पाणी उकळेपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत, समोरचा फोन उचलेपर्यंत. दुपारी मी एका जुन्या पाकिटाच्या मागे रेघा ओढायला घेतल्या, किती वेळा होतंय ते बघायला. संध्याकाळी त्या मोजायचा कंटाळा आला, इतक्या झाल्या होत्या. आणि त्यातल्या एकाही वेळी ‘चला, जरा बघू या’ असं ठरवून मी फोन उचललेला नव्हता.

सोशल मीडियातून ब्रेक घ्या, मन शांत होईल, हा सल्ला आता जिथे तिथे मिळतो. सोशल मीडियावर तर सगळ्यात जास्त मिळतो. पण ब्रेकने होतं काय, किती होतं आणि कुणाला होतं, याबद्दल सल्ला देणारे मोघमच बोलतात. या विषयावर बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांचं उत्तर सल्ल्याइतकं सरळ नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: इलाज म्हणून ब्रेक बेताचाच आहे, तपासणी म्हणून मात्र फार उपयोगी आहे. रक्त तपासल्याने ताप उतरत नाही, तरी डॉक्टर तपासायला लावतात, तसं.

अंगठ्याची सवय कुठून आली

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांवर प्रयोग करत होते. पेटीतल्या कळीवर चोच मारली की कबुतराला दाणा मिळायचा. मोजून ठरावीक चोचींनंतर दाणा मिळत असेल, तर कबूतर तो खाऊन जरा दम घ्यायचं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला, असा बेभरवशाचा मिळायला लागला की ते थांबायचंच नाही. दाणे पुरते बंद केले तरी कितीतरी वेळ चोच मारत राहायचं.

फीडमधले, म्हणजे अ‍ॅप उघडलं की एकाखाली एक सरकत येणाऱ्या पोस्टमधले दाणे असेच येतात. नऊ पोस्ट निव्वळ भरताड, आणि दहावीत शाळेतल्या मैत्रिणीचा वीस वर्षांनी दिसलेला चेहरा. तो चेहरा चौथ्या पोस्टला येणार की चाळिसाव्या, हे ठाऊक नसतं, म्हणून अंगठा चालू राहतो. सगळ्याच पोस्ट छान असत्या तर खरं तर आपण लवकर उठलो असतो.

मेंदूत याच्याशी जोडलेलं रसायन म्हणजे डोपामाइन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते काही बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं ते असं. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चालू व्हायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्या दिवा लागल्यावरच चालू व्हायच्या आणि रस आल्यावर थंडच राहायच्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षा खाली जायच्या. हे वाचल्यावर फोनच्या टिंग आवाजाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. खरी हुरहुर त्या आवाजाला असते. उघडून बघितलं तर ‘तुमच्या ओळखीच्या अमुकने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला आहे’, म्हणजे दिवा लागला आणि रस नाही.

जाता जाता एक. ‘डोपामाइन डिटॉक्स’ हा शब्द कुठे दिसला तर सरळ पुढे जा. डोपामाइन हे काही शरीरात साठलेलं विष नव्हे की चार दिवस उपास केला आणि निचरा झाला. साधं चालायला, हात उचलायला ते लागतं; ते तयार करणाऱ्या पेशी मरायला लागल्या की पार्किन्सन होतो. ब्रेकमध्ये डोपामाइन रिकामं होत नाही, दिवा आणि रस यांच्यातली गाठ जरा सैल पडते, एवढंच.

बाकी थांबायची जागाच काढून टाकण्याचं काम डिझाइनने केलं. पूर्वी पानाच्या तळाशी ‘पुढचं पान’ असं बटण असायचं. ते दाबायचं की नाही, असा क्षणभराचा का होईना, विचार व्हायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने तळच नसलेलं पान बनवलं. पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली, पण तोवर सगळ्यांनी ते उचललं होतं.

रोज कुणी ना कुणी फिरायला गेलेलं असतं

सवयीने वेळ जातो. मन खट्टू होतं ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते समजायला मानसशास्त्र कमी आणि अंकगणित जास्त लागतं.

समजा, तुम्ही ३०० जणांना फॉलो करता आणि त्यातला प्रत्येक जण वर्षातून एकदा, एकच आठवडा, फिरायला जातो. बाकीचे ५१ आठवडे तोही तुमच्यासारखाच कपडे वाळत घालतो, बिलं भरतो, सर्दीने नाक ओढत बसतो. आता ३०० गुणिले ७, म्हणजे सहलीचे २१०० दिवस. भागिले ३६५. उत्तर येतं पावणेसहा. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी फीड उघडलं तरी सरासरी पाच-सहा जण समुद्रावर नाहीतर डोंगरावर असणारच. कुणीही खोटं बोललेलं नाही, कुणी बढाई मारलेली नाही. पण रोज बघणाऱ्याच्या मनात ठसतं ते हेच, की सगळं जग फिरतंय आणि आपण तेवढे घरी. शिवाय कपडे वाळत घालतानाचा फोटो कुणी टाकत नाही, म्हणजे समोरून उत्तर द्यायला कुणी नसतंच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे तर रोज नवा डोंगर.

दुसरं गणित याहून चमत्कारिक आहे. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ते मांडलं: बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला अशक्य वाटतं. पण पाच जणांची टोळी घ्या. त्यातला एक सगळ्यांना ओळखतो, बाकीचे चौघे फक्त त्यालाच ओळखतात. या चौघांपैकी प्रत्येकाला एक मित्र, आणि त्या मित्राला मात्र चार. पाचातले चौघे म्हणणार, ‘माझ्या मित्राचा गोतावळा माझ्याहून मोठा आहे’, आणि चौघांचंही बरोबर! ज्याचा गोतावळा मोठा, तो जास्त लोकांच्या यादीत असतो, त्यामुळे जास्त लोकांना दिसतो. फीडमध्ये त्यात आणखी भर पडते. जो जास्त पोस्ट करतो आणि ज्याला जास्त लाइक मिळतात, तोच आपल्यासमोर वारंवार आणून ठेवला जातो.

माणूस स्वतःला जोखतो ते आजूबाजूच्यांकडे बघून, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच सिद्धान्त म्हणून मांडलं होतं. त्यात नवीन काही नाही. तेव्हा आजूबाजूचे म्हणजे वर्गातले, कामावरचे, शेजारचे, पंचवीसतीस जण असायचे आणि त्यांची भांडणंही भिंतीतून ऐकू यायची. आता तुलनेला ३०० जण आहेत आणि भिंत पक्की झाली आहे.

हे गणित कळलं म्हणून खट्टू व्हायचं थांबत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला पाठ आहे, तरी थांबत नाही. फीड समोर नसेल तेव्हाच ते थांबतं, आणि ब्रेकचा पहिला खरा उपयोग इथे आहे.

प्रयोगांत काय दिसलं

डेन्मार्कमध्ये १०९५ जणांवर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी आठवडाभर फेसबुक सोडलं, काहींनी नेहमीसारखं चालू ठेवलं. सोडणाऱ्यांचं समाधान वाढलं. पण सगळ्यांचं सारखं नाही: जे खूप वापरायचे, जे स्वतः काही न लिहिता नुसते बघत बसायचे आणि ज्यांना इतरांचं बघून हेवा वाटायचा, त्यांना फरक जास्त पडला. वरच्या सहलीच्या गणिताशी हे नीट जुळतं.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाने २०२२ मध्ये १५४ जणांचा असाच एक आठवड्याचा प्रयोग केला, त्यातही उदासी आणि चिंता कमी झालेली दिसली.

या दोन्हींहून मोठा प्रयोग अमेरिकेत २०१८ मध्ये, निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यांत झाला. अडीच हजारांहून जास्त लोक. त्यातल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. तो कुठे गेला? काही घरच्यांत आणि मित्रांत गेला, काही एकट्याने टीव्ही बघण्यात. दुसऱ्या सोशल मीडियावर मात्र तो वळला नाही, हे मला अनपेक्षित होतं. लोकांची राजकीय टोकं थोडी बोथट झाली आणि बातम्यांचं ज्ञानही थोडं घटलं. मनाला बरं वाटलं, पण किती? संशोधनाच्या भाषेतला आकडा ०.०९, तो साध्या भाषेत असा: शंभर माणसं समाधानाच्या क्रमाने रांगेत उभी करा. बरोबर मध्यावरचा माणूस चार आठवड्यांच्या ब्रेकनंतर तीन-चार जागा पुढे सरकेल. रांगेच्या टोकाला काही जाणार नाही.

आणि हे सगळं मान्य केलं तरी एक अडचण उरतेच. औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना साखरेची गोळी देता येते, कुणाला काय मिळालं ते त्यांना कळत नाही. खोटा ब्रेक कसा देणार? ज्याने फेसबुक बंद केलं त्याला ते माहीत असतं आणि त्याने बरं वाटणार असं त्याने शंभरदा वाचलेलंही असतं. २०२५ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिलेल्या एका अभ्यासात तर पूर्ण ब्रेकचा सरासरी फायदा दखल घेण्याइतकाही निघाला नाही.

मग ब्रेक घ्यायचाच कशाला? माझ्या मते याचं उत्तर २०१८च्याच आणखी एका प्रयोगात आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सांगितलं, प्रत्येक अ‍ॅप दिवसाला फक्त दहा मिनिटं, तीन आठवडे. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण उरलेल्या निम्म्यांना काहीच बंधन नव्हतं, फक्त किती वापर होतो त्याची नोंद द्यायची होती. आणि त्यांचीही चिंता आणि ‘आपलं काहीतरी हुकतंय’ ही भीती कमी झाली. नुसतं स्वतःकडे बघितल्याने. पाकिटामागच्या रेघा अगदीच वाया नव्हत्या म्हणायच्या.

सरासरीत सगळे जण कालवले जातात, हेही लक्षात ठेवायला हवं. एकाची झोप सुधारते, दुसरीला एकटं वाटायला लागतं, तिसऱ्याला काडीचाही फरक पडत नाही, आणि तिघांची सरासरी येते ‘किंचित बरं’. तुम्ही तिघांपैकी कोण, हे कुठलाच अभ्यास सांगू शकत नाही. तुमचा स्वतःचा आठवडा सांगू शकतो.

घ्यायचा तर कसा

आधी एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा: झोप कशी लागते, दिवसातून कधी उगाच वाईट वाटतं, आणि सोशल मीडियावर आपण नेमके कशासाठी जातो. शेवटच्या ओळीला खोटं लिहू नका. ‘बातम्यांसाठी’ असं मी लिहिलं होतं आणि मग खोडलं.

मग अ‍ॅप काढून टाका. नुसतं ‘आता बघणार नाही’ असं मनाशी ठरवून भागत नाही, कारण अंगठा मनाला विचारून जात नाही. खातं मिटवायची गरज नाही. ब्राउझरमधूनही लॉगआउट करा, पासवर्ड तिथे साठवलेला असेल तर तोही काढा. परत शिरायला दोन मिनिटं लागली पाहिजेत. त्या दोन मिनिटांत बऱ्याचदा हुक्की ओसरते. निरोपांची अ‍ॅप्स ठेवली तरी चालतील, पण त्यांतले स्टेटस आणि रोज दोनशे मेसेज पडणारे ग्रुप म्हणजे दुसऱ्या नावाने फीडच, ते म्यूट करा. नाहीतर आगीतून फुफाट्यात. चार जवळच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘रागावलीस का?’ असा फोन येणार नाही. मला आला.

पहिले दोन-तीन दिवस चुळबुळ होते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १५२ जणांना आठवडाभर सोशल मीडिया सोडायला लावून दिवसभरात वेळोवेळी प्रश्न विचारले. ओढ वाढली होती, कंटाळाही वाढला होता आणि ५९ टक्के लोकांनी मध्ये एकदा तरी डोकावून बघितलंच. त्यामुळे तुम्ही तिसऱ्या दिवशी मोडलात तर बहुमतात आहात. किती वाजता मोडलात आणि त्याआधी काय चाललं होतं, तेवढं कागदावर टिपून ठेवा आणि पुढे चालू ठेवा. कंटाळा येणारच, मोकळा झालेला तास आयता भरून येत नाही. आधीच काही ठरवलं नसेल तर तो दुसऱ्या पडद्याकडे जातो.

आठवड्यानंतर कागद काढा आणि काय काय आठवलं ते बघा. माणसं आठवली असतील तर ती माणसं तुम्हाला हवी आहेत, फीड नव्हे. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. रात्री अकरानंतरच चुळबुळ होत असेल तर प्रश्न कदाचित झोपेचा आहे, फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून बघा. एखाद्या कामाच्या आधी दरवेळी हात फोनकडे जात असेल तर ते काम तुम्ही टाळताय. आणि काहीच आठवलं नसेल, काहीच बदललं नसेल, तर तुमचा वापर बहुधा ठीकच आहे. उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

काहींनी मात्र हा प्रयोग सावधपणे करावा. दुर्मीळ आजार असलेल्यांचे गट असतात, परमुलखात एकटी पडलेली माणसं असतात, ज्यांना घरी आपलं खरं बोलता येत नाही अशी मुलंमुली असतात. त्यांचा आधारच तिथे असतो. त्यांनी गट ठेवावा, फीड काढावं. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त रोजची झाली असेल, कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अ‍ॅप काढून वाट बघत बसू नये. डॉक्टरांकडे जावं, आणि तेही लगेच. तिथे ब्रेक हा सल्लाच चुकीचा आहे.

परत जाताना सगळं पूर्वीसारखं मांडायचं नसतं. चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्याच्या त्या अमेरिकी प्रयोगात महिना संपल्यावर लोक परतले खरे, पण त्यांचा वापर इतरांपेक्षा पाचव्या हिश्शाहून जरा जास्तच कमी राहिला, तोही कुणी सांगितलेलं नसताना. मी परतले तेव्हा नोटिफिकेशन सगळी बंद केली आणि जवळपास शंभर जणांना अनफॉलो केलं. त्यातल्या निम्म्यांचे चेहरे आठवेनात, तरी त्यांच्या सहली मला पाठ होत्या. अ‍ॅप तिसऱ्या पानावर एका फोल्डरमध्ये टाकलं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात कॅल्क्युलेटर तसाच ठेवला आहे. अंगठा अजून अधूनमधून तिथे जातो. आलोच आहोत तर म्हणून मी वीजबिलाचा आणि वाणसामानाचा हिशेब तिथल्या तिथे करून टाकते. गेल्या दोन महिन्यांत एकही बिल चुकलेलं नाही.